न खपलेल्या गाण्यांचे मोल

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जे लोकप्रिय गायन आकाराला आले, त्याला 'सोल' ही संज्ञा आहे. चर्चमधील सामूहिक प्रार्थनागीतांचा, म्हणजे गॉस्पेलचा, आर्त सूर आणि नाचघरांत रुळलेल्या 'ऱ्हिदम अँड ब्लूज' या संगीताचा ठेका यांच्या मिलाफातून ते घडले. रे चार्ल्स, सॅम कुक यांच्यासारख्या गायकांनी देवासाठी राखलेली आळवणी ऐहिक प्रेमाकडे वळवली आणि पुढच्या पिढीला वाट घालून दिली. हे संगीत घरोघरी, उपाहारगृहांत आणि रेडिओ केंद्रांवर पोहोचले ते मुख्यतः सात इंच व्यासाच्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या आणि दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीतून, जिला 'सिंगल' म्हणतात. अशा असंख्य तबकड्यांपैकी ज्या त्या काळी खपल्या नाहीत, किंबहुना ज्या दुकानांपर्यंत पोहोचल्याही नाहीत, नेमक्या त्यांच्याच संग्रहाचा आणि खरेदी-विक्रीचा एक मोठा व्यवहार गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. त्याचे केंद्र अमेरिकेत नसून इंग्लंडच्या उत्तर भागात आहे. अपयशी ठरलेल्या गाण्यांना हे मोल कसे आले, ते कशावरून ठरते आणि त्यात मूळ गायकांच्या वाट्याला काय आले, हे तीन प्रश्न या व्यवहाराचे स्वरूप समजून घेण्यासाठी विचारणे आवश्यक आहे.

तबकडीचा जन्म आणि विस्मरण

आर.सी.ए. व्हिक्टर या अमेरिकी कंपनीने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या, जड आणि हातून पडताच फुटणाऱ्या असत. ज्या मराठी घरांत जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या अजून जपलेल्या आहेत, तेथे हा ठिसूळपणा परिचयाचा आहे. नवी तबकडी हलकी होती, स्वस्त होती, आणि तिच्या मध्यभागी सुमारे दीड इंचाचे मोठे भोक असल्यामुळे नाणे टाकले की गाणे वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्स या यंत्राच्या कामी ती चांगली येत असे. तिच्या ज्या बाजूवर कंपनीची भिस्त असे ती 'ए साइड', आणि मागची बाजू रिकामी राहू नये म्हणून जे गाणे घातले जाई ती 'बी साइड'; ही भरतीची बाजूच पुढे अनेकदा अधिक मोलाची ठरली, हे या क्षेत्राचे एक वैशिष्ट्य आहे.

मोटारगाड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी या तरुणाने १९५९ मध्ये कुटुंबाच्या निधीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन जी संस्था सुरू केली, ती पुढे 'मोटाउन' या नावाने जगप्रसिद्ध झाली. सुप्रीम्स, फोर टॉप्स यांसारख्या तिच्या गायकवृंदांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास एकामागून एक लोकप्रिय गाणी दिली, आणि ते यश पाहून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांत शेकडो छोट्या ध्वनिमुद्रण संस्था उभ्या राहिल्या. या संस्थांना त्यांच्या तबकडीवरील छापील कागदावरून 'लेबल' म्हणण्याची प्रथा आहे. एखादे लेबल म्हणजे पुष्कळदा एक भाड्याची खोली, एक टेलिफोन आणि उसनवारीवर गोळा केलेले भांडवल एवढेच असे. दिवसा नोकरी करणारा गायक संध्याकाळी स्टुडिओत येऊन दोन गाणी गाई, पाचशे किंवा हजार प्रती काढल्या जात, आणि त्यांतील काही स्थानिक रेडिओ निवेदकांकडे विनामूल्य पाठवल्या जात.

गाण्याचे भवितव्य येथे ठरे. निवेदकाने ते वाजवले तर दुकानदार प्रती मागवीत. न वाजवले, किंवा वितरकाने पैसे थकवले, तर उरलेला साठा गोदामात पडून राही, आणि काही काळाने तबकडीच्या लेबलवर भोक पाडून किंवा काठाला खाच देऊन तो घाऊक भावात विकून टाकला जाई. गाणे चांगले असणे आणि ते लोकांच्या कानी पडणे या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर असतात, याचा हा साठा म्हणजे पुरावाच होता. त्या गोदामांत सुमार गाणीही होती. परंतु उत्तम गायक, कसलेले वादक आणि कल्पक संगीतकार यांनी मन ओतून केलेली कितीतरी गाणीही त्याच धुळीत पडून होती.

मागणी आली तेव्हा पुरवठा थांबलेला होता

मँचेस्टर शहरातील 'ट्विस्टेड व्हील' या क्लबमध्ये १९६० च्या दशकात शनिवारी रात्रभर चालणारे नृत्याचे कार्यक्रम होऊ लागले, ज्यांना 'ऑलनायटर' असे म्हणत. आठवडाभर कारखान्यांत, गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे तरुण तेथे डेट्रॉइटच्या द्रुत, ठसठशीत तालावर पहाटेपर्यंत नाचत. १९६० चे दशक संपत आले तेव्हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीत 'फंक' या अधिक संथ आणि तुटक लयीच्या शैलीकडे वळले, लंडनमधील श्रोतेही त्याच्या मागोमाग गेले. उत्तरेकडील नर्तक मात्र १९६५-६६ च्या सुमारास घडलेल्या त्या जुन्या चालीलाच धरून राहिले. लंडनमध्ये 'सोल सिटी' हे दुकान चालवणारे लेखक डेव्ह गोडिन यांना असे आढळले की, फुटबॉलचे सामने पाहण्यासाठी राजधानीत येणारे उत्तरेकडील तरुण दुकानात शिरले की नव्या तबकड्यांकडे न पाहता जुन्या, जलद चालीच्याच तबकड्या मागतात. दुकानातील सहकाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांनी या आवडीला 'नॉर्दर्न सोल', म्हणजे उत्तरेचे सोल, असे नाव दिले आणि १९७० च्या सुमारास 'ब्लूज अँड सोल' या नियतकालिकातील आपल्या सदरातून ते रूढ केले. नावातील उत्तर दिशा ही अशा रीतीने गाणाऱ्यांची नसून ऐकणाऱ्यांची आहे.

ट्विस्टेड व्हील १९७१ मध्ये बंद पडले. त्यानंतर स्टोक-ऑन-ट्रेंटमधील 'गोल्डन टॉर्च', ब्लॅकपूलचे 'मेक्का' आणि सर्वांत प्रसिद्ध असे 'विगन कसिनो' यांनी ही परंपरा पुढे नेली. विगन हे कोळसा आणि सूतगिरण्या यांवर वाढलेले गाव. तेथील जुन्या नृत्यगृहात २३ सप्टेंबर १९७३ रोजी सुरू झालेले ऑलनायटर ६ डिसेंबर १९८१ पर्यंत चालले. मध्यरात्रीनंतर दारे उघडत आणि सकाळी आठला कार्यक्रम संपे. तेथे मद्य विकले जात नसे, आणि येणारे तरुण बदलायचे कपडे, टॉवेल आणि टाल्कम पावडर पिशवीत घालून आणत. पावडर लाकडी जमिनीवर भुरभुरली की चामड्याच्या तळव्याचा बूट सहज सरके, आणि मग नर्तक एका टाचेवर गिरक्या घेत, पाठीमागे झोकून हातांवर तोल सावरत आणि पुढच्या ठेक्यावर बरोबर उभे राहत. येथे जोडीदार लागत नसे. प्रत्येक जण गाण्याबरोबर एकटा नाचत असे. शेवटची तीन गाणी ठरलेली असत, आणि ती वाजली की घामाने भिजलेली ती मंडळी सकाळच्या गाडीने घरी परतत.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र याच नृत्यगृहांत तयार झाले. नर्तकांना हवी असलेली शैली अमेरिकेत कोणी नव्याने निर्माण करत नव्हते, त्यामुळे 'नवे' गाणे म्हणजे १९६० च्या दशकातले, पण अद्याप कोणी न ऐकलेले गाणे, असा विलक्षण अर्थ रूढ झाला. मागणी जन्माला आली तेव्हा पुरवठा कधीच थांबलेला होता. जे काही मिळायचे ते अटलांटिकच्या पलीकडच्या गोदामांतून, जुन्या सामानाच्या दुकानांतून आणि बंद पडलेल्या लेबलांच्या तळघरांतूनच मिळणार होते. म्हणून क्लबमध्ये गाणी निवडून वाजवणारे डीजे स्वतःच शोधक बनले. ब्लॅकपूलच्या इयन लेव्हिन यांनी कुटुंबाबरोबर मायामीला जाणाऱ्या सहलींत तबकड्यांचे ढीग उपसले. रिचर्ड सर्लिंग यांनी १९७३ मध्ये फिलाडेल्फियाहून आणलेल्या तबकड्यांत ग्लोरिया जोन्स या गायिकेचे १९६५ मध्ये एका तबकडीच्या बी साइडवर येऊन विसरले गेलेले 'टेन्टेड लव्ह' हे गाणे होते. ते नॉर्दर्न सोलच्या नृत्यगृहांत गाजले, आणि त्याच गाण्याची 'सॉफ्ट सेल' या इंग्रजी जोडीने केलेली आवृत्ती १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

एखादे गाणे आपल्याकडेच असावे, म्हणजे ते ऐकायला लोकांनी आपल्याच क्लबमध्ये यावे, या स्पर्धेतून 'कव्हर-अप' नावाची प्रथा पडली. डीजे तबकडीच्या लेबलवर कोरा कागद चिकटवी आणि गायकाचे आणि गाण्याचे नाव बदलून जाहीर करी, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याला खरी तबकडी शोधता येऊ नये. या युक्तीमुळे शोधकाला काही महिने लाभ होई. परंतु ज्याच्या गळ्यातून ते गाणे आले त्याचे नाव ज्या एकमेव ठिकाणी आदराने घेतले जाऊ शकले असते, तेथेही ते पुसले जाई. कौतुक आणि अन्याय या दोन गोष्टी या क्षेत्रात सुरुवातीपासून अशा एकमेकींना बिलगून आहेत.

दोन तबकड्या

या व्यवहारातील सर्वांत प्रसिद्ध तबकडी फ्रँक विल्सन यांची आहे. १९६५ मध्ये मोटाउनच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत काम करणाऱ्या विल्सन यांनी 'डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)' हे गाणे लिहिले आणि गायले. मोटाउनच्याच 'सोल' नावाच्या उपलेबलवर ते प्रकाशित करायचे ठरले आणि रेडिओ केंद्रांसाठी नमुना प्रतीही काढण्यात आल्या, ज्यांची संख्या सुमारे २५० होती असे सांगितले जाते. नमुना प्रत म्हणजे 'डेमो', विक्रीपूर्वी केवळ प्रसारासाठी काढलेली प्रत. परंतु विल्सन यांच्यापुढे गायक व्हायचे की गीतकार-निर्माता, अशी निवड आली; त्यांनी पडद्यामागची भूमिका पत्करली, तबकडीचे प्रकाशन रद्द झाले आणि जवळजवळ सर्व प्रती नष्ट करण्यात आल्या. पुढे सुप्रीम्सच्या 'लव्ह चाइल्ड'सारख्या यशस्वी गाण्यांच्या सहलेखकांत त्यांचे नाव आले, म्हणजे त्यांची निवड व्यवहाराच्या दृष्टीने चुकली नाही.

१९७० च्या दशकात त्या गाण्याची एक प्रत मोटाउनच्या संग्रहातून बाहेर पडली, आणि विगनमध्ये ते आधी एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावाने वाजवले गेले. नर्तकांना ते इतके भावले की १९७९ मध्ये मोटाउनची गाणी ब्रिटनमध्ये काढणाऱ्या 'टॅम्ला मोटाउन' या लेबलने ते खऱ्या नावानिशी अधिकृतपणे प्रकाशित केले. अमेरिकी मूळ नमुना प्रतीच्या मात्र कित्येक वर्षे दोनच प्रती ज्ञात होत्या. त्यांपैकी एक २००९ मध्ये लिलावात २५,७४२ पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १९ लाख रुपयांना, विकली गेली, आणि २०२० मध्ये एका प्रतीचा सौदा एक लाख पौंडांना झाल्याचे वृत्त आले. सात इंचांच्या, दोन-तीन मिनिटांत संपणाऱ्या प्लॅस्टिकच्या तबकडीसाठी ही रक्कम आहे.

दुसरे उदाहरण दुर्मिळतेचा आणखी सूक्ष्म अर्थ दाखवते. डॅरेल बँक्स यांचे 'ओपन द डोअर टू युवर हार्ट' हे १९६६ मधील गाणे अमेरिकेत चांगले खपले होते, त्यामुळे 'रेव्हिलॉट' या लेबलवरील त्याची मूळ अमेरिकी तबकडी आजही माफक किमतीत मिळते. ब्रिटनमध्ये ते 'लंडन' या लेबलवर येणार होते. परंतु त्याचे हक्क प्रतिस्पर्धी कंपनीच्या 'स्टेटसाइड' लेबलकडे गेले आणि लंडनची आवृत्ती मागे घ्यावी लागली. तिच्या काही नमुना प्रती संग्राहकांना ठाऊक होत्या, पण विक्रीसाठी छापलेली प्रत अस्तित्वातच नाही असे मानले जात असताना ती एके दिवशी उजेडात आली आणि १४,५४३ पौंडांना विकली गेली. गाणे तेच, गळा तोच, वाद्यमेळ तोच. फरक फक्त लेबलच्या छपाईचा. स्वतः बँक्स १९७० मध्ये डेट्रॉइट येथे एका पोलिसाच्या गोळीने मरण पावले होते, आणि या सौद्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

या दोन उदाहरणांवरून किमतीची दोन अंगे स्पष्ट होतात. पहिले अंग संख्येचे आहे, म्हणजे प्रती किती उरल्या. दुसरे अंग आवडीचे आहे, म्हणजे त्या गाण्यावर लोक नाचले का. केवळ दुर्मिळ असणे पुरेसे नसते, कारण अमेरिकेत प्रत्येकी शे-दोनशे प्रती निघून संपलेल्या संथ, विरहव्याकूळ गाण्यांच्या कितीतरी तबकड्या आजही तुलनेने थोडक्या पैशांत मिळतात. वॉशिंग्टनमधील 'श्राइन' या अल्पायुषी लेबलच्या तबकड्यांना जी मोठी किंमत येते, तिचे कारण त्या क्वचित सापडतात एवढेच नाही. त्यांतील जलद गाण्यांनी नृत्यगृहांत आपली योग्यता सिद्ध केलेली आहे. विद्वानांच्या समितीने किंवा कंपनीच्या जाहिरातीने हे मूल्य ठरवलेले नाही. ते गिरणीकामगारांच्या आणि दुकानांतील मदतनिसांच्या पायांनी ठरवले, ही या संग्रहपरंपरेची सर्वांत मोठी प्रतिष्ठेची गोष्ट आहे.

प्रत तपासण्याची कला

इतक्या पैशांचा व्यवहार म्हटला की नकली माल येणारच. १९७० च्या दशकापासूनच मागणी असलेल्या तबकड्यांच्या बनावट आवृत्त्या निघू लागल्या, ज्यांना 'बूटलेग' म्हणतात. म्हणून खरी प्रत ओळखणे हे संग्राहकाचे पहिले शिक्षण ठरते. त्यासाठी लेबलपेक्षा आधी पाहायचा तो 'रन-आउट', म्हणजे गाण्याचे चर संपल्यानंतर लेबलपर्यंत उरणारी गुळगुळीत पट्टी. दिव्याखाली तबकडी किंचित तिरपी धरली की या पट्टीवर बारीक अक्षरे आणि आकडे दिसू लागतात. त्यांतील मुख्य आकडा 'मॅट्रिक्स क्रमांक' म्हणून ओळखला जातो आणि कोणत्या साच्यावरून ही तबकडी काढली ते तो सांगतो. मूळ प्रतीवर जे चिन्ह ठशाने उमटवलेले असायला हवे ते हाताने खरवडलेले दिसले, किंवा ध्वनिमुद्रण कापणाऱ्या कार्यशाळेची ठरावीक खूण तेथे नसली, तर लेबल कितीही हुबेहूब असले तरी जाणकार सावध होतो.

दुसरी कसोटी द्रव्याची आहे. अमेरिकेतील काही कारखाने सिंगल व्हिनाइलऐवजी 'स्टायरीन' या कडक, स्वस्त प्लॅस्टिकपासून ओतून काढत असत. व्हिनाइलची तबकडी हलक्या हाताने दाबली तर थोडी लवते. स्टायरीनची लवत नाही, आणि तिच्या काठावर नखाने टिचकी मारली तर कोरडा, टणक आवाज येतो. स्टायरीन जड किंवा झिजलेल्या सुईखाली लवकर खराब होते; वरून तकतकीत दिसणारी अशी तबकडी वाजवताना सतत खरखरू शकते, आणि टपालात वाकण्याऐवजी तडकते. एखादे गाणे मूळ स्टायरीनवरच निघाले होते हे ठाऊक असेल, तर त्याची मऊ व्हिनाइलची 'मूळ' प्रत संशयास्पद ठरते. डोळे, बोटे आणि कान यांनी एकत्र येऊन केलेली ही पारख पुस्तक वाचून पूर्ण येत नाही. शेकडो तबकड्या हाताळल्यावरच ती अंगवळणी पडते.

तिसरी बाब स्थितीची, म्हणजे प्रत किती सुस्थितीत आहे याची. तिच्यासाठी विक्रेते 'मिंट', 'एक्सलंट', 'व्हेरी गुड', 'गुड' अशा श्रेणी वापरतात. नवख्या ग्राहकाने या शब्दांचा कोशातील अर्थ घेऊ नये, कारण 'गुड' म्हणजे प्रत्यक्षात बरीच झिजलेली, सतत खरखर ऐकू येणारी प्रत असते. शिवाय ब्रिटिश आणि अमेरिकी मोजपट्ट्यांत फरक आहे; अमेरिकी विक्रेता ज्याला 'व्हेरी गुड प्लस' म्हणतो ते साधारणपणे ब्रिटिश 'एक्सलंट'च्या जवळ जाते. लेबलवर कोणी शाईने नाव लिहिले आहे का, ज्यूकबॉक्ससाठी ब्रिटिश तबकडीचा मधला भाग कापून भोक मोठे केले आहे का, तबकडी उष्णतेने वाकली आहे का, या सर्वांची नोंद प्रामाणिकपणे करणे ही विक्रेत्याची जबाबदारी मानली जाते, आणि केवळ नजरेने न तपासता प्रत स्वतः वाजवून मग श्रेणी ठरवणारा विक्रेता या वर्तुळात नाव कमावतो.

विक्रीच्या पद्धतीही काळाबरोबर बदलत गेल्या. विगनसारख्या ठिकाणी नृत्याच्या दालनाशेजारीच तबकड्यांच्या पेट्या मांडून संग्राहक बसत आणि पहाटे तीनला सौदे होत. पुढे टंकलिखित याद्या टपालाने पाठवण्याची पद्धत आली. काही याद्यांत किंमत ठरलेली असे, काहींत ग्राहकाने ठरावीक मुदतीपर्यंत बोली कळवायची असे. जॉन मॅनशिप यांच्यासारख्या विक्रेत्यांनी दुर्मिळ सोल तबकड्यांच्या किमतींची मार्गदर्शक पुस्तकेच काढली, आणि २००० मध्ये सुरू झालेल्या 'डिस्कॉग्ज'सारख्या संगणकीय सूचींमुळे लाखो तबकड्यांच्या आवृत्त्यांची माहिती सर्वांना खुली झाली. पूर्वी ज्ञान हेच भांडवल होते. एखाद्या क्रमांकाचे महत्त्व ज्याला ठाऊक, त्याला अमेरिकेतल्या धुळकट दुकानात ती तबकडी काही सेंटांत मिळे. आता तोच दुकानदार हातातल्या फोनवर क्षणात भाव पाहतो, त्यामुळे स्वस्तात घबाड सापडण्याचे दिवस जवळजवळ संपले आहेत, पण त्याचबरोबर अजाण माणसाकडून कवडीमोलाने माल उचलण्याची वाटही अरुंद झाली आहे, आणि ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

ऋण कोणाचे

नॉर्दर्न सोलच्या अनेक नृत्यसभांत आजही 'फक्त मूळ तबकडी' हा दंडक पाळला जातो. डीजेने पुनर्मुद्रित प्रत किंवा संगणकातील ध्वनिफाइल वाजवू नये, असा त्याचा अर्थ. या नियमामुळे शोधकाच्या कष्टांचा मान राहतो आणि बनावट प्रतींना आळा बसतो, असे त्याचे समर्थक म्हणतात. परंतु या नियमाची दुसरी बाजू अशी की, उत्तम गाणी वाजवण्याचा अधिकार हळूहळू श्रीमंतांच्या हाती जातो. जी परंपरा कामगारांच्या पोरांनी आठवड्याच्या पगारातून उभी केली, तिच्या मुळाशी ही गोष्ट बसत नाही. या पेचातून सर्वांत सन्मान्य मार्ग पुनःप्रकाशकांनी काढला. लंडनच्या एस रेकॉर्ड्स या कंपनीचे 'केंट' हे लेबल १९८२ पासून जुन्या अमेरिकी लेबलांचे हक्क रीतसर विकत घेऊन ही गाणी प्रकाशित करत आले आहे; जुन्या कंपन्यांच्या ध्वनिफितींच्या कपाटांतून, त्या काळी प्रकाशितच न झालेली गाणीही या शोधात बाहेर आली.

येथे मूळ प्रश्नाकडे परतावे लागते. एखादी जुनी तबकडी हजारो पौंडांना विकली जाते तेव्हा गायकाला, गीतकाराला किंवा वादकाला त्यातून एक पैसाही मिळत नाही. पैसे विकणाऱ्याला मिळतात. चित्रकारांच्या बाबतीत ब्रिटनने २००६ पासून पुनर्विक्रीतील वाट्याचा हक्क मान्य केला आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५३ अ मध्येही मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास निर्मात्याला वाटा देण्याची तरतूद आहे. ध्वनिमुद्रित तबकडीला असे संरक्षण कोठेही लागू होत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती मूळ कलाकृती नसून असंख्य प्रतींपैकी एक प्रत असते. ज्या तबकडीच्या मोजक्याच प्रती उरल्या, तिच्या बाबतीत हा भेद किती पोकळ आहे हे सांगायला नको.

तरीही या परंपरेने गायकांना काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डेट्रॉइटच्या 'रिक-टिक' या छोट्या लेबलवरून पुढे आलेले एडविन स्टार इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत तेथील रसिकांसमोर गात राहिले. न्यूयॉर्कचे डीन पॅरिश यांचे एक गाणे विगनच्या शेवटच्या तीन ठरलेल्या गाण्यांपैकी एक होते. ते गाणे गायल्यानंतर अनेक दशकांनी पॅरिश इंग्लंडला आले आणि ज्या समुदायाने ते गाणे पाठ केले होते, त्याच्यासमोर उभे राहून गायले. आपण हरलो असे समजून ज्यांनी वेगळा व्यवसाय धरला, त्यांना उतारवयात परक्या देशातील लोकांनी त्यांच्याच गाण्याचा शब्दन् शब्द ऐकवावा, याचे मोल पौंडांत होणार नाही; पण त्यामुळे पौंडांचा हिशेबही फिटत नाही.

म्हणून या छंदाकडे वळणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत, असे आग्रहाने सांगितले पाहिजे. आरंभ परवाना घेतलेल्या पुनर्मुद्रणापासून करावा, कारण त्या खरेदीतून हक्कदारांपर्यंत काही ना काही पोहोचते. मूळ प्रत नंतर, पारख आल्यावर घ्यावी. बनावट प्रत स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. विकताना दोष लपवू नये आणि गायकाचे, संगीतकाराचे नाव प्रत्येक नोंदीत स्पष्ट लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घेतलेली तबकडी वाजवावी. कपाटात कुलूपबंद झालेले गाणे डेट्रॉइटच्या गोदामातल्या गाण्याहून वेगळे राहत नाही.

फ्रँक विल्सन २०१२ मध्ये निवर्तले. जे गाणे १९६५ मध्ये कोणालाही विकत घेता येत नव्हते, ते आज कोणालाही, कोठेही ऐकता येते. आणि ते ऐकता येते, कारण नष्ट करायला सांगितलेल्या प्रतींपैकी काही प्रती कोणीतरी फेकून दिल्या नाहीत.